ड्युअल बूट

ड्युअल बूट म्हणजे एकाच संगणकावर दोन स्वतंत्र संचालन प्रणाली बसवून, संगणक सुरू करताना त्यांपैकी हवी ती निवडता येईल अशी केलेली मांडणी होय. दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालत नाहीत. एक बंद करून दुसरी सुरू करावी लागते. विंडोज आणि जीएनयू/लिनक्स यांची जोडी सर्वाधिक प्रचलित आहे. दोन संचालन प्रणालींना डिस्कवर शेजारी शेजारी नांदवणे तुलनेने सोपे असते. संगणक सुरू होताच सर्वप्रथम कोणाचा बूट लोडर चालणार, हा या मांडणीतील कळीचा प्रश्न आहे. नवी प्रणाली बसवताना जुन्या प्रणालीचा बूट लोडर पुसला गेला, तर जुन्या प्रणालीची एकही फाईल नष्ट झालेली नसतानाही ती सुरू होईनाशी होते. मूळ बूट लोडर अबाधित ठेवून ड्युअल बूट करण्याच्या पद्धती संगणकाच्या फर्मवेअरवर अवलंबून असून, जुन्या बायोस पद्धतीच्या आणि नव्या यूईएफआय पद्धतीच्या संगणकांत त्या मुळातच भिन्न आहेत.

गरज

जुन्या संगणकांवर लिनक्स बसवण्याकडे कल वाढण्याचे एक अलीकडचे कारण म्हणजे विंडोज १०चे संपलेले आयुष्य. २०१५ साली आलेल्या या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. पुढची आवृत्ती, म्हणजे विंडोज ११, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर मागते. त्यामुळे धडधाकट असलेले अनेक संगणक अधिकृतपणे तिच्या कक्षेबाहेर राहिले.

तरीही मराठी वापरकर्त्याला विंडोज पूर्णपणे काढून टाकणे बरेचदा परवडत नाही. मुद्रण आणि डीटीपी व्यवसायात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकचे आयएसएम ही सॉफ्टवेअरे दीर्घकाळ वापरात आहेत व ती विंडोजवर चालतात. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टांत टंकलेली पत्रके, लग्नपत्रिका, ठराव आणि पुस्तकांच्या संहिता या फॉन्टांच्या स्वतःच्या संकेतांकनात साठवलेल्या असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अशी फाईल उघडली की मराठी मजकुराऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक खच दिसतो. डिजिटल स्वाक्षरीची काही टोकने, काही प्रिंटर व स्कॅनर यांचे ड्रायव्हरही केवळ विंडोजसाठीच मिळतात. युनिकोड मराठी लिहिण्या-वाचण्यात मात्र लिनक्सवर अडचण येत नाही. इनस्क्रिप्ट कळफलक आणि लोहित देवनागरी हा रेड हॅटने प्रसिद्ध केलेला मुक्त फॉन्ट प्रमुख वितरणांत उपलब्ध असतो. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात विकसित झालेली बॉस ही डेबियनवर आधारित भारतीय संचालन प्रणालीही मराठीसह भारतीय भाषांचा आधार देते. थोडक्यात, जुने काम विंडोजवर आणि नवे काम लिनक्सवर अशी विभागणी अनेकांच्या सोयीची ठरते.

आभासी यंत्र हा ड्युअल बूटचा पर्याय मानला जातो. परंतु त्यात दोन प्रणालींना एकच स्मृती वाटून घ्यावी लागते. ४ जीबी रॅमच्या संगणकावर असा प्रयोग सुसह्य राहत नाही, आणि ज्या जुन्या संगणकांसाठी हा खटाटोप करायचा ते बहुधा याच वर्गातले असतात.

बूट होण्याची साखळी

संगणकाला वीज मिळाल्यावर त्याच्या मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेले फर्मवेअर प्रथम चालते. ते स्मृती, कळफलक, डिस्क यांची तपासणी करून बूट लोडर शोधते. बूट लोडर हा एक छोटा प्रोग्राम असून, डिस्कवरील संचालन प्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नल, स्मृतीत आणणे आणि नियंत्रण त्याच्या हाती सोपवणे एवढेच त्याचे काम असते. विंडोजचा बूट लोडर विंडोज बूट मॅनेजर या नावाने, तर लिनक्सच्या बहुतेक वितरणांचा ग्रब या नावाने ओळखला जातो. ग्रबची सुरुवात १९९५ साली एरिक बोलिन यांनी केली. सध्या वापरात असलेली ग्रब २ ही त्याची नव्याने लिहिलेली आवृत्ती आहे.

एक बूट लोडर दुसऱ्या बूट लोडरला बोलावू शकतो. याला चेनलोडिंग म्हणतात. ग्रबच्या यादीत विंडोजची ओळ निवडली असता ग्रब स्वतः विंडोजचा कर्नल चढवत नाही, तर विंडोजच्या बूट लोडरकडे सूत्रे देऊन बाजूला होतो. म्हणूनच विंडोजचा लोडर जागेवर शाबूत असणे ही ग्रबचीही गरज असते.

बायोस पद्धतीतील संगणक

बायोस पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड, संक्षेपाने एमबीआर, म्हणतात. हा सेक्टर अवघा ५१२ बाइटांचा असतो. त्यातील पहिले ४४६ बाइट बूट लोडरच्या सूचनांसाठी, पुढचे ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी राखलेले असतात. तक्त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात. एमबीआर डिस्कवर चारपेक्षा अधिक प्राथमिक पार्टिशन करता येत नाहीत ते यामुळेच.

या मांडणीत बूट लोडरला एका डिस्कवर एकच जागा आहे. घर एक आणि भाडेकरू दोन, अशी ही अवस्था. जो नंतर येतो तो आधीच्याचे सामान बाहेर काढतो. विंडोजचा इन्स्टॉलर तर न विचारता एमबीआरमध्ये आपल्या सूचना लिहितो. आधी लिनक्स असेल तर ते यादीतून नाहीसे होते. लिनक्सचे इन्स्टॉलरही सर्वसाधारणपणे ग्रब एमबीआरमध्येच बसवतात, मात्र ते विंडोज शोधून तिची ओळ आपल्या यादीत घालतात. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा जाणकारांचा प्रचलित सल्ला यातूनच आला आहे.

४४६ बाइटांत ग्रब मावत नाही. त्यामुळे त्याचा पहिला तुकडा एमबीआरमध्ये आणि मुख्य तुकडा एमबीआर व पहिले पार्टिशन यांमधल्या रिकाम्या जागेत ठेवला जातो. जुन्या पद्धतीने आखलेल्या डिस्कवर पहिले पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू होत असे, म्हणजे मोकळी जागा जेमतेम ३१ केबी. नव्या आखणीत पहिले पार्टिशन २०४८व्या सेक्टरपासून सुरू होते व सुमारे १ एमबी जागा मिळते. ही जागा कोणाच्याच मालकीची नाही असे ग्रब गृहीत धरतो. विंडोजवरील काही प्रताधिकार-रक्षक सॉफ्टवेअरेही तेच गृहीत धरून आपली खूण तेथे लिहीत असत. अशा संगणकांवर विंडोजमध्ये एखादे सॉफ्टवेअर चालवल्यावर लिनक्स सुरू न होण्याचे चमत्कारिक प्रसंग घडले आहेत.

एमबीआरला हात न लावता लिनक्स बसवायचे असल्यास ग्रब लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरात बसवतात. इन्स्टॉलरमध्ये पार्टिशनची आखणी स्वहस्ते करण्याचा पर्याय घेतला की बूट लोडर कोठे बसवावा हा प्रश्न येतो. तेथे संपूर्ण डिस्कऐवजी लिनक्सचे पार्टिशन निवडायचे असते. ही मांडणी चालते, पण तिला एक मर्यादा आहे. ईएक्सटी४ या फाईल प्रणालीत पार्टिशनच्या आरंभी केवळ १०२४ बाइट मोकळे असतात, म्हणून ग्रबचा मुख्य तुकडा सामान्य फाईल म्हणून पार्टिशनमध्येच राहतो आणि पहिला तुकडा त्या फाईलचे डिस्कवरील गट क्रमांक लक्षात ठेवतो. फाईल जागची हलली तर पत्ता चुकतो. ग्रबचे निर्माते ही पद्धत बेभरवशाची मानतात आणि ग्रब बसवतानाच तसा इशारा पडद्यावर दाखवला जातो. एक्सएफएस फाईल प्रणालीत तर सुरुवातीला जागाच नसल्याने ही पद्धत अजिबात वापरता येत नाही.

ग्रब असा पार्टिशनमध्ये बसवल्यानंतर त्याला बोलावणारा कोणीतरी लागतो. ते काम विंडोजच्याच लोडरकडे सोपवता येते. लिनक्सच्या पार्टिशनचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर फाईलच्या रूपात उतरवून ती फाईल विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवतात. विंडोज एक्सपीपर्यंत बूट डॉट आयएनआय या साध्या मजकूर फाईलमध्ये त्या फाईलचा पत्ता व यादीत दिसणारे नाव अशी एक ओळ वाढवणे पुरत असे. विंडोज व्हिस्टापासून बूटची माहिती बीसीडी या संग्रहात गेली आणि तीत नोंद करण्यासाठी बीसीडीएडिट ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवावी लागते. या पद्धतीत विंडोजची यादी आधी दिसते, तीत लिनक्स निवडले की ग्रब येतो. एमबीआर जसाच्या तसा राहतो, हा तिचा मोठा लाभ. ग्रबच्या पॅकेजमध्ये सुधारणा होऊन त्याचा पहिला सेक्टर बदलला, की सी ड्राइव्हवरील प्रत जुनी ठरते व पुन्हा उतरवून घ्यावी लागते.

याहून सुटसुटीत मार्ग उबुंटूने ८.०४ या आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २००८पासून, वुबी या नावाने दिला होता. वुबी विंडोजमधूनच चालत असे. नवे पार्टिशन न पाडता विंडोजच्या ड्राइव्हवरील एका मोठ्या फाईलमध्ये ती संपूर्ण लिनक्स बसवी आणि विंडोजच्या बूट यादीत एक ओळ घाली. नको असल्यास इतर कोणत्याही सॉफ्टवेअरप्रमाणे विंडोजमधून काढून टाकता येत असे. वीज अचानक गेल्यास फाईलमधली फाईल प्रणाली बिघडण्याचा धोका मात्र सामान्य पार्टिशनपेक्षा जास्त होता. उबुंटू १३.०४पासून वुबी वगळण्यात आली.

यूईएफआय पद्धतीतील संगणक

इंटेलने आपल्या इटेनियम प्रोसेसरांसाठी विकसित केलेल्या ईएफआय फर्मवेअरचे पुढचे रूप म्हणजे यूईएफआय. २००५ साली स्थापन झालेल्या यूईएफआय फोरमकडे त्याचे प्रमाणीकरण आहे. विंडोज ८सोबत, म्हणजे २०१२पासून, विक्रीस आलेल्या बहुतेक लॅपटॉपांत हीच पद्धत आहे.

येथे पहिल्या सेक्टरातील ४४६ बाइटांची कोंडी उरत नाही. डिस्कवर ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाचे एक छोटे पार्टिशन असते आणि त्यावर फॅट३२ फाईल प्रणाली असते. प्रत्येक संचालन प्रणाली त्यात आपले वेगळे फोल्डर करून त्यात बूट लोडर साध्या फाईलच्या रूपात ठेवते: मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरात विंडोज बूट मॅनेजर, उबुंटूच्या फोल्डरात ग्रब. बूट नावाचे एक तिसरे फोल्डरही असते. फर्मवेअरला दुसरे काहीच सापडले नाही तर तेथील फाईल चालवायची असा संकेत आहे. पार्टिशनचा तक्ताही जीपीटी या नव्या प्रकारचा असून त्यात नेहमीच्या आखणीनुसार १२८ नोंदी मावतात.

कोणता लोडर आधी चालवायचा हे मदरबोर्डवरील कायमस्वरूपी स्मृतीत नोंदवलेले असते. तेथे प्रत्येक लोडरची एक नोंद आणि त्या नोंदींचा क्रम सांगणारी यादी असते. उबुंटू बसवताना तिचा इन्स्टॉलर स्वतःची नोंद वाढवतो आणि ती क्रमात पहिली ठेवतो. विंडोजच्या लोडरची फाईल किंवा नोंद पुसली जात नाही. म्हणून यूईएफआय संगणकावर ‘लिनक्सने माझे विंडोज घालवले’ ही तक्रार बहुधा क्रम बदलल्याची तक्रार असते, आणि फर्मवेअरच्या पडद्यावर क्रम पूर्ववत केला की ती मिटते. उलटही घडते. विंडोजच्या मोठ्या सुधारणांनंतर क्रमात विंडोज पुन्हा पहिली येते आणि ग्रब दिसेनासा होतो. तो जागेवरच असतो.

मूळ क्रमालाही धक्का लावायचा नसेल तर लिनक्स बसवून झाल्यावर विंडोज बूट मॅनेजर पुन्हा अव्वल स्थानी ठेवता येतो. लिनक्स हवे तेव्हा संगणक सुरू होताना विशिष्ट कळ दाबून फर्मवेअरची एकवेळची बूट यादी उघडायची. डेल व लेनोव्होच्या अनेक प्रारूपांत ती एफ१२ने, एचपीमध्ये एस्केप व नंतर एफ९ने उघडते. संगणक कुटुंबातील अनेकजण वापरत असतील तर ही मांडणी विशेष सोयीची, कारण ज्यांना लिनक्सशी कर्तव्य नाही त्यांच्यासाठी काहीच बदलत नाही.

काही लॅपटॉपांचे सदोष फर्मवेअर क्रमाची यादी न जुमानता नेहमी मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरातील फाईलच चालवते. यावर उपाय म्हणून विंडोजच्या लोडरचे नाव बदलून त्या जागी ग्रबची फाईल ठेवण्याची युक्ती सांगितली जाते. ती टाळलेली बरी. त्यात मूळ लोडर जागेवर राहत नाही, शिवाय विंडोजची पुढची सुधारणा आपली फाईल परत आणून ठेवते आणि युक्ती निष्फळ होते. काही कंपन्यांच्या फर्मवेअरमध्ये लोडरची फाईल ‘विश्वसनीय’ म्हणून निवडण्याची सोय असते. ती असल्यास तिचा वापर करणे योग्य.

बायोस काळातील एक सोय मात्र येथे बंद झाली. यूईएफआय पद्धतीत विंडोजच्या बूट यादीतून लिनक्सच्या बूट सेक्टरची प्रत चालवता येत नाही. निवड एकतर ग्रबमध्ये किंवा फर्मवेअरच्या यादीत करावी लागते. ग्रबमध्ये विंडोज आपोआप दिसण्यासाठी लागणारी इतर प्रणालींचा शोध घेणारी उपयुक्तता २०२१च्या ग्रब २.०६पासून सुरक्षेच्या कारणास्तव मुळात बंद ठेवलेली असते. ग्रबच्या यादीत विंडोज नसणे म्हणजे विंडोज नष्ट होणे नव्हे. ही उपयुक्तता सुरू करून यादी नव्याने तयार केली की ओळ परत येते.

सिक्युअर बूट

यूईएफआयमधील सिक्युअर बूट ही सोय केवळ मान्य स्वाक्षरी असलेलेच लोडर चालू देते. लिनक्सची प्रमुख वितरणे यासाठी शिम नावाचा मध्यस्थ लोडर वापरतात. शिमवर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असते, तो पुढे ग्रबची स्वाक्षरी तपासतो. त्यामुळे उबुंटू, फेडोरा, डेबियन यांसाठी सिक्युअर बूट बंद करण्याची गरज नसते. या मध्यस्थीची नाजूक बाजू ऑगस्ट २०२४मध्ये उघड झाली. १३ ऑगस्टच्या विंडोज सुधारणेने शिमच्या जुन्या, सुरक्षेत त्रुटी असलेल्या आवृत्त्या नाकारण्याची यादी फर्मवेअरमध्ये लिहिली. ड्युअल बूटच्या संगणकांवर ती लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टने म्हटले होते, प्रत्यक्षात अनेक ड्युअल बूट संगणकांवर ती लागू झाली आणि लिनक्सऐवजी शिमची पडताळणी फसल्याचा संदेश येऊ लागला. विंडोज व तिचा लोडर सुस्थितीत होता, ग्रबही जागेवर होता; अडले होते ते मधले दार. दोन्ही प्रणाली वेळोवेळी अद्ययावत ठेवणे यासाठीही आवश्यक ठरते.

पूर्वतयारी

ड्युअल बूट करताना होणारे खरे नुकसान बूट लोडरपेक्षा चुकीच्या पार्टिशनवर लिहिल्याने किंवा काम अर्धवट तुटल्याने होते. ‘डिस्क पुसून लिनक्स बसवा’ हा इन्स्टॉलरमधील पर्याय विंडोजसह सर्व काही घालवतो. महत्त्वाच्या फाईलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर असल्याशिवाय पार्टिशनला हात लावू नये, हा नियम सर्व पद्धतींना सारखाच लागू आहे.

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात असलेल्या किन्हीराजासारख्या गावांत या तयारीला आणखी दोन पैलू जोडले जातात. पार्टिशन लहान करण्याचे काम चालू असताना वीज गेल्यास फाईल प्रणाली अर्ध्या अवस्थेत राहते. म्हणून लॅपटॉपची बॅटरी भरलेली असणे आणि डेस्कटॉपला यूपीएस असणे ही चैन उरत नाही, ती पूर्वअट होते. दुसरे म्हणजे, संगणक सुरूच झाला नाही तर तो दुरुस्तीसाठी मालेगावला किंवा वाशिमला नेण्यात दिवस मोडू शकतो. विंडोजच्या दुरुस्तीचा यूएसबी ड्राइव्ह आणि लिनक्सचा लाइव्ह यूएसबी ड्राइव्ह हे दोन्ही आधीच तयार करून ठेवले, तर बूट लोडरचे बहुतेक बिघाड जागच्या जागी निस्तरता येतात. लाइव्ह यूएसबीवरून काहीही न बसवता लिनक्स चालवून पाहता येते, त्यामुळे वायफाय, ध्वनी व पडदा नीट चालतात की नाही हे अगोदरच कळते.

विंडोजचे पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंट साधनाने लहान करणे सर्वांत सुरक्षित. पेज फाईल, हायबरनेशनची फाईल यांसारख्या न हलणाऱ्या फाईलींमुळे अपेक्षेपेक्षा कमी जागा सुटते. त्या तात्पुरत्या बंद केल्यास अधिक मिळते. सुटलेल्या जागेत विंडोजमध्ये नवे पार्टिशन करू नये, ती रिकामीच ठेवावी. एमबीआर डिस्कवर चार प्राथमिक पार्टिशन आधीच असतील तर विंडोज पाचवे करताना डिस्क ‘डायनॅमिक’ करण्याचा प्रस्ताव मांडते. तो स्वीकारल्यास लिनक्स बसवणे अवघड होऊन बसते.

विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करणे आवश्यक आहे. ही सोय सुरू असताना विंडोज बंद केल्यावरही खऱ्या अर्थाने बंद होत नाही. तिची काही अवस्था डिस्कवर गोठवलेली राहते. अशा पार्टिशनवर लिनक्समधून लिहिल्यास माहिती बिघडू शकते, म्हणून लिनक्स ते केवळ वाचण्यापुरते उघडते किंवा उघडतच नाही.

इन्स्टॉलरचा यूएसबी ड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू होतो त्याच पद्धतीने लिनक्स बसते. विंडोज यूईएफआय पद्धतीची आणि इन्स्टॉलर जुन्या बायोस पद्धतीने सुरू झालेला, असे झाले तर दोन्ही प्रणाली एकमेकींना बोलावू शकत नाहीत. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशन पडद्यावरील बायोस मोड या ओळीत यूईएफआय आहे की लेगसी, हे आधी पाहून घेणे इष्ट.

बिटलॉकर कूटबद्धीकरण

आर्थिक व कार्यालयीन कामाच्या संगणकांत सर्वाधिक धोका बिटलॉकरचा असतो. विंडोज ११च्या अनेक नव्या संगणकांत डिस्कचे कूटबद्धीकरण वापरकर्त्याच्या नकळत सुरू असते. त्याची किल्ली टीपीएम चिपमध्ये राहते आणि संगणक सुरू होतानाची साखळी पूर्वीसारखीच आहे अशी खात्री पटली तरच चिप ती देते. सिक्युअर बूटची मांडणी बदलली किंवा विंडोज ग्रबमार्गे सुरू केली, तर साखळी वेगळी ठरते आणि विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागते. किल्ली हाती नसेल तर मूळ बूट लोडर अक्षुण्ण असूनही फाईली कायमच्या कुलूपबंद होतात. ही किल्ली बरेचदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती कागदावर उतरवून घेणे आणि बदल करण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करणे, हे पार्टिशनला हात लावण्याआधीचे काम आहे. अशा संगणकावर विंडोज ग्रबमधून न निवडता थेट फर्मवेअरच्या यादीतून सुरू करणे श्रेयस्कर.

स्वतंत्र डिस्क

डेस्कटॉप संगणकात दुसरी डिस्क बसवून तीवर लिनक्स ठेवल्यास दोन्ही लोडर पूर्णपणे वेगळे राहतात. एक दक्षता मात्र घ्यावी लागते. उबुंटूचा दीर्घकाळ वापरात असलेला जुना इन्स्टॉलर दुसरी डिस्क निवडली तरी ग्रब पहिल्या डिस्कवरील ईएफआय पार्टिशनमध्येच ठेवत असे. पुढे दोन्हींपैकी एक डिस्क काढली की घोटाळा उघडकीस येई. बसवण्याच्या वेळेपुरती विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवणे हा त्यावरचा ओबडधोबड पण खात्रीचा उपाय आहे.

आकाश टॅबलेटवरील प्रयोग

मूळ लोडरला स्पर्श न करता दुसरी प्रणाली चालवण्याचे महाराष्ट्रातील उल्लेखनीय उदाहरण संगणकाऐवजी टॅबलेटवर घडले. केंद्र सरकारच्या स्वस्त टॅबलेट योजनेतील आकाश २ या उपकरणाचे अनावरण राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ११ नोव्हेंबर २०१२ रोजी झाले. या टप्प्यात प्रकल्पाची धुरा मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे होती. सात इंची पडदा, ऑलविनर ए१३ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि ४ जीबी अंतर्गत साठवण असलेल्या या टॅबलेटवर अँड्रॉइड ४.० ही प्रणाली होती. संस्थेतील फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या गटाने त्यावर जीएनयू/लिनक्स चालवण्याची सोय विकसित केली.

ही सोय संपूर्णपणे मायक्रोएसडी कार्डावर होती. ऑलविनर ए१३ची रचना तिला अनुकूल ठरली. या चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला आणि बदलता न येणारा एक लहान प्रोग्राम असतो. वीज मिळताच तो प्रथम एसडी कार्डाच्या आरंभापासून ८ केबी अंतरावर विशिष्ट खुणेचा बूट लोडर शोधतो, आणि तो न मिळाल्यासच टॅबलेटच्या अंतर्गत साठवणीकडे वळतो. त्यामुळे तयार केलेले कार्ड घालून टॅबलेट सुरू केला की लिनक्स, आणि कार्ड काढून सुरू केला की पूर्वीचेच अँड्रॉइड, असे घडे. अंतर्गत साठवणीतील एकही बाइट बदलावा लागत नसे. एकच उपकरण वर्गात पुस्तक म्हणून आणि प्रयोगशाळेत संगणक म्हणून वापरता येणे, ही यामागची कल्पना होती. विद्यार्थ्याने कार्डावर काहीही बिघडवले तरी टॅबलेट निकामी होत नसे, आणि शैक्षणिक वापरात हा गुण साध्या सोयीहून मोलाचा होता.

याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स, लिब्रेऑफिस व प्रोग्रॅमिंगचे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले आहेत.

घड्याळातील फरक

ड्युअल बूट केलेल्या भारतीय संगणकांत हमखास आढळणारी एक निरुपद्रवी तक्रार म्हणजे साडेपाच तासांनी चुकणारे घड्याळ. मदरबोर्डवरील घड्याळात स्थानिक वेळ आहे असे विंडोज मानते, तर लिनक्स ती जागतिक प्रमाणवेळ मानते. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असल्याने लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ तेवढे मागे दिसते. इंटरनेट जोडलेले असल्यास ते थोड्या वेळाने दुरुस्त होते. इंटरनेट नसताना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मध्यरात्रीनंतरच्या नोंदींवर आदल्या दिवसाची तारीख पडू शकते. लिनक्सला स्थानिक वेळ मानण्यास सांगणारी एक आज्ञा दिल्याने हा प्रश्न सुटतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करूनही तो सोडवता येतो.

मूळ स्थिती परत आणणे

लिनक्स नको झाल्यास आधी बूट लोडर पूर्ववत करणे आणि त्यानंतरच लिनक्सचे पार्टिशन पुसणे, हा क्रम महत्त्वाचा आहे. एमबीआरमध्ये ग्रब असताना पार्टिशन आधी पुसले, तर ग्रबचा पहिला तुकडा उरतो पण त्याच्या उर्वरित फाईली गेलेल्या असतात. संगणक ‘ग्रब रेस्क्यू’ या काळ्या पडद्यावर अडकतो. विंडोजच्या दुरुस्ती ड्राइव्हवरील बूटरेक आज्ञेने एमबीआर पुन्हा लिहून यातून सुटका होते.

लिनक्स बसवण्यापूर्वी एमबीआरची प्रत फाईल म्हणून जपून ठेवली असेल तर तीही उपयोगी पडते. मात्र ती परत लिहिताना पूर्ण ५१२ बाइट लिहिणे घातक ठरू शकते, कारण त्यांत पार्टिशनचा जुना तक्ताही असतो. मधल्या काळात पार्टिशन बदलली असतील तर जुना तक्ता नव्या पार्टिशनांचे पत्ते पुसून टाकतो. म्हणून केवळ पहिले ४४० बाइटच परत लिहितात. ४४० ते ४४३ या बाइटांत विंडोजने डिस्कला दिलेली ओळखखूण असते आणि तीही बदलू नये.

यूईएफआय संगणकावर हे काम हलके असते. फर्मवेअरमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणायचा, विंडोज सुरू होते याची खात्री करायची, लिनक्सची पार्टिशने पुसून ती जागा विंडोजच्या पार्टिशनला जोडायची आणि ईएफआय पार्टिशनमधील लिनक्सचे फोल्डर व फर्मवेअरमधील त्याची नोंद काढून टाकायची. ईएफआय पार्टिशन मात्र पुसायचे नसते, कारण विंडोजचा लोडरही त्यातच राहतो.